जोडकड्याचा मान

पोटच्या पोरीच्या पाया पडणारी आई जीजींनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आता रोज सकाळी स्वतःच्याच ओट्यावर पाहत होत्या.

"बघा वं बघा," खापरावर मांडा टाकता टाकता त्या हाताखालच्या बायांना म्हणाल्या, "माझी सून पूजेला बसली. देवी काही पावत नाही."

ओट्यावर मोनाली, त्यांची सून, गुडघे टेकून बसली होती. हातात बूट, समोर आठ वर्षांची तितिक्षा.

"घाल ना बेटा. प्लीज. एक पाय दे फक्त. संध्याकाळी आइस्क्रीम आणते. बरं, दोन आणते."

"नाही."

तितिक्षा म्हणजे सहनशीलता म्हणे. मोनालीनं पोटात असतानाच नाव शोधून ठेवलं होतं. जीजींच्या जिभेला ते वळेना, म्हणून घरात तिचं तितू झालं. आणि सहनशीलता उरली ती बाकीच्यांना करायची.

शाळेची गाडी दाराशी येऊन उभी राहिली. आपली आपण चालणारी गाडी ती. आधीच्या गाडीला ड्रायव्हर होता, त्याला "भाऊ, जरा थांबा" म्हणता यायचं. हिला कोण म्हणणार? वेळ झाली, दार मिटलं, गाडी गेली. मोनालीचा हात उठला, तितूच्या पाठीत बसला. तितूनं डबा अंगणात भिरकावला. मग मोनालीच रडायला लागली, आणि रडता रडता तिनं पोरीच्या हातात मोबाइल दिला.

"झालं," जीजी म्हणाल्या. "मारलंही आणि नैवेद्यही दाखवला."

फैजपुरात पार्बताबाई फेगडे हे नाव कोणी घेत नसे. जीजी म्हटलं की पुरे. शाळा दुसरीपर्यंत. पण पंचक्रोशीत लग्न असो की डोहाळजेवण, मांडे जीजींच्या अंगणातलेच हवेत. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत सुपाहून मोठा करायचा आणि एका झटक्यात खापरावर पसरायचा. जीजींच्या हाताखाली पाच-सहा बाया राबत, आणि त्यांतल्या प्रत्येकीला जाता येता तितूला काहीतरी सांगायचं असेच. "तितू, चप्पल घाल." "तितू, आईची ओढणी सोड." "तितू, आईला असं बोलतात का?" सगळ्यांना एकच उत्तर मिळे. जीजींचा मुलगा लीलाधर केळीच्या थंड गाड्यांबरोबर बहुतेक काळ दिल्लीकडं; त्याला ते उत्तर फोनवर मिळे.

पण त्या दिवशी दुपारी शाळेचं बोलावणं आलं. तितूनं बाईंच्या टेबलावरची कुंडी मुद्दाम ढकलली होती, आणि "उचल" म्हटल्यावर दुसरीही ढकलली होती. हे वर्ष कसंबसं निभावू, शाळेनं सांगितलं. जूनपासून उपचार झाल्याशिवाय घेणार नाही.

"उपचार?" जीजी म्हणाल्या. "तोंडाळपणाला उपचार असते तर माझ्या सासूनं माझ्यावर केले नसते?"

तरी पण जळगावला जाताना गाडीत पुढं त्याच बसल्या.

डॉक्टर केतकी भंगाळे वयानं मोनालीएवढीच. तिनं तितूला खेळायला सोडलं, काचेतून बराच वेळ पाहिलं आणि मग म्हणाली, "याला विरोधी-अवज्ञा विकार म्हणतात."

"साध्या हट्टाला एवढं लांब नाव?"

"हट्ट वेगळा, जीजी. हट्टी पोराला काहीतरी हवं असतं. ते मिळालं की संपलं. हिला काय हवं असतं सांगा बरं?"

जीजींनी विचार केला. खरंच, बूट न घालून पोरीला काय मिळत होतं?

"हिला कोणी 'कर' म्हटलं," डॉक्टर सांगू लागली, "की डोक्यात धोक्याची घंटा वाजते. अंगावर कुत्रं धावून आल्यावर वाजते ना, तशी. 'नाही' म्हटलं की ती थांबते. मग तुमची घंटा वाजते. तुम्ही विनवता, मग ओरडता, मग मारता, मग दमून सोडून देता. पोर काय शिकलं? ताणलं की सुटका. तुम्ही काय शिकलात? सोडलं की शांतता. असं तुम्ही दोघं रोज एकमेकांना शिकवताय. म्हणून एकट्या पोराला औषध पाजून भागत नाही. जोडीला द्यावं लागतं."

तिनं एक डबी उघडली. आत दोन कडी होती, राखाडी, हलकी. एक लहान, एक मोठं.

"हे जोडकडं. लहान पोराच्या हातात, मोठं मोठ्या माणसाच्या. नाडी, घाम, श्वास, आवाजातली थरथर, दोघांचं एकदम मोजतं. आम्हाला हल्ली कळलंय की पोराचा भडका आपल्याला दिसतो त्याच्या जरा आधी अंगात सुरू झालेला असतो. आणि जवळच्या माणसाच्या अंगातही. तेवढ्या फटीत मोठं कडं मनगटाला चिमटा काढतं. चिमटा बसला की थांबायचं. एक श्वास घ्यायचा. मग एकदाच सांगायचं, थोडक्यात, हळू. आणि गप्प बसायचं. केलं तर लगेच 'बरं केलंस' म्हणायचं. नाही केलं तर आधी ठरवलेली छोटी शिक्षा, आवाज न चढवता. कडी त्या दोघांच्या स्वभावाचं माप घेत जातात, आणि चिमटा दिवसेंदिवस नेमका होतो. जी व्यक्ती तिच्याबरोबर जास्तीत जास्त असते तिनं मोठं घालायचं. घरी गेल्यावर घाला."

"आणि नाही गुण आला तर?" मोनालीनं विचारलं.

"तीन महिने बघू. नाहीतर शांतिका बसवतो. कानामागं, तांदळाच्या दाण्याएवढी. घंटेचा आवाजच कमी करते."

"मग तीच द्या ना आधी," जीजी म्हणाल्या.

"ती घंटेबरोबर बाकीचंही थोडं कमी करते," डॉक्टर म्हणाली.

घरी आल्यावर मोनालीनं डबी देवापुढं ठेवली, हळदकुंकू लावलं आणि तशीच नेऊन जीजींपुढं धरली. फेगड्यांच्या घरात हा रिवाज होता. मोसमातला पहिला आंबा जीजींना, नव्या गाडीची चावी आधी जीजींच्या हातात, आलेली पत्रिका जीजींनी वाचून घेतल्यावर बाकीच्यांनी बघायची. एवढी महागाची, डॉक्टरनं दिलेली वस्तू सासूसमोर आपल्या हातात चढवायची, हे मोनालीच्या मनातही आलं नाही. आणि जास्तीत जास्त कोण असतं, याचा हिशेब जीजींच्याही मनात आला नाही. घर माझं, घरातली पोर माझी. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि मोठं कडं घातलं; लहान तितू झोपल्यावर तिच्या हातात चढवलं.

पहिले आठ दिवस कड्यानं त्यांना चिमटून चिमटून हैराण केलं. पुरण पातळ झालं, चिमटा. गिऱ्हाइकानं फोनवर घासाघीस केली, चिमटा. "मेल्याला दात आलेत नुसते," त्या म्हणत. पण जीजी हार मानणाऱ्या नव्हत्या. एखाद्या नव्या खापराची जात ओळखावी तशी त्यांनी कड्याची जात ओळखली. चिमटा बसला की ओठ मिटायचे, श्वास घ्यायचा आणि मग म्हणायचं, "तितू, ताट." बस्स. पुढं एक अक्षर नाही.

तितू बघत राही. भांडायला समोर काही सापडत नसे. मग ताट उचली.

"बरं केलं," जीजी म्हणत. हे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून दाढ उपटल्यासारखे निघत. बाया पदराआड हसत.

"काय वं जीजी, आम्हाला नाही कधी म्हणत बरं केलं!"

"तुम्हाला कडं नाही लावलंय. कामं करा."

महिन्या-दोन महिन्यांत अंगणातली तितू ओळखू येईना. उंडे मोजून देई, मांडे घडी करी. जीजींची मान ताठ झाली. आणि घरात, आतल्या खोलीत, सगळं होतं त्याहून वाईट झालं. आंघोळीला मोनाली तिच्या मागं धावे, अभ्यासाला हात जोडी, झोपताना दोघींची रडारड. एकदा तर आईच्या हाताला तितू चावली. जीजी उठून गेल्या, "तितू, सोड" म्हणाल्या. तितूनं सोडलं. आणि जीजींच्या कुशीत शिरून आईकडं असं पाहिलं, की जणू शर्यत जिंकली.

"बघ," जीजी मोनालीला म्हणाल्या, "माझं ऐकते. म्हणजे पोरीत खोट नाही. तुझ्यात आहे. हे मी नाही, यंत्र म्हणतंय."

दंडावरचे दातांचे वण ओढणीनं झाकून मोनाली कामावर गेली. केळीच्या शीतगृहात दिवसभर ती पडद्यावरचं तापमान सांभाळत बसे. घरचं तापमान कोणाच्या हातात आहे हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

तीन महिने भरले तेव्हा त्या पुन्हा जळगावला गेल्या. बाहेर बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी दहा-अकराची, कानामागं बारीक उंचवटा. मांडीवर हात ठेवून सरळ बसलेली. जीजींनी पिशवीतले केळीचे वेफर्स काढून तिच्या हातावर ठेवले. मुलीनं घेतले आणि ती आईकडं पाहत राहिली.

"खा," आई म्हणाली. मुलीनं खाल्ले.

"किती शहाणी," जीजी म्हणाल्या, पण त्यांना ते म्हणावंसं वाटलं नव्हतं.

"आधी स्वतःलाच चावायची हो," ती बाई म्हणाली. "हे वण बघा. दोन वर्षं आम्ही कोणी झोपलो नव्हतो. आता झोपतो. माझ्यासाठी देवानंच दिली शांतिका."

खोटं बोलत नव्हती ती. तिच्या तोंडावर झोप दिसत होती, पोटभर झालेली. जीजींनी मान डोलवली. पण नजर तितूकडं गेली. तितू खुर्चीवर उलटी बसून पाय भिंतीला लावत होती आणि "सरळ बस" असं कोणी म्हणायची वाट बघत होती. जीजींचा नवरा गेला तेव्हा दिरांनी त्यांना माहेरी धाडायचं ठरवलं होतं. गाडी दारात आणली होती. जीजी उंबऱ्यावर बसल्या आणि "नाही" म्हणाल्या. आज घर होतं, अंगण होतं, ही पोर होती, ते सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तोच शब्द या पोरीच्या तोंडात आला होता. भलत्या जागी, भलत्या वेळी, पण तोच. तांदळाएवढ्या दाण्यानं तो गेला म्हणजे?

आत डॉक्टरच्या पडद्यावर रेघा होत्या, काही हिरव्या, पुष्कळशा लाल.

"सुधारणा पुरेशी नाही," डॉक्टर म्हणाली. "मला वाईट वाटतं, पण शाळा उघडायच्या आत शांतिका बसवावी लागेल."

"हिरवं दिसतंय की," जीजी म्हणाल्या.

"थोडं. दुपारी चार-पाचच्या सुमारास, सुट्टीच्या दिवशी..." डॉक्टर थबकली. "चुलीजवळ असते का ती तेव्हा? मोनाली, तू तर कामावर असशील."

"कडं जीजींच्या हातात आहे," मोनाली हळूच म्हणाली.

डॉक्टरनं जीजींच्या मनगटाकडं पाहिलं. हिरव्या बांगड्यांमध्ये राखाडी कडं.

"हिला सकाळी उठवतं कोण? आंघोळ, अभ्यास, झोप?"

"आई," जीजी म्हणाल्या. "मग?"

"मग कडं तुमच्या हातात कसं, जीजी? मी सांगितलं होतं ना, जी जास्तीत जास्त—"

"सांगितलं असशील. आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी माझ्यापुढं येते. तू भंगाळ्यांची ना? तुमच्याकडं पहिला आंबा कोण खातं?"

डॉक्टर कपाळाला हात लावून बसली आणि मग तिला हसू आलं. "आमची आजी," ती म्हणाली. "चुकलंच माझं. इथंच घालून द्यायला हवं होतं." मग हसू आवरून म्हणाली, "म्हणजे तीन महिने आपण चुकीच्या जोडीवर काम केलं. तुमच्याजवळ ती दिवसातला घटकाभर असते, तेवढंच सुधारलं. बाकी वेळ आई एकटीच त्या आगीत."

"अजून वेळ आहे?"

"शाळा उघडेपर्यंत. पण नुसतं कडं बदलून चालणार नाही. पोरीला आता दोन दारं झालीत. आईनं सांगितलं की आजीकडं धावायचं. एकच तोंड पाहिजे. आईनं काही सांगितलं की घरात बाकी कोणी बोलायचं नाही. ना वर, ना खाली, ना मदतीला. आणि कमी व्हायच्या आधी भडका वाढेल. पोर जुनं दार जोरात ठोकून बघतं, त्याचा नाद सोडायच्या आधी. जमेल?"

ती मोनालीकडं पाहून विचारत होती, पण प्रश्न कोणाला आहे ते जीजींना कळलं. त्यांनी कडं ओढलं. सांध्यावर अडकलं, कातडी लाल झाली, तरी ओढून काढलं.

"हात कर पुढं," त्या सुनेला म्हणाल्या. "काय बघतेस? लग्नात बांगड्या भरल्या तेव्हा केला होतास ना?"

त्यानंतरचे दिवस जीजींच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. उपास त्यांनी पुष्कळ केले होते, जिभेचा कधी केला नव्हता. आतून मोनालीचा आवाज येई, "तितू, आंघोळ." मग किंकाळी. मग बादली आपटल्याचा आवाज. जीजी उंडा हातात घट्ट धरून बसत. पुरण बोटांतून बाहेर येई.

"जीजी, सांगा ना काहीतरी," एखादी बाई कुजबुजे.

"तू सांग तुझ्या नवऱ्याला, तो ऐकतो का बघ."

तितू धावत येई. "जीजी, मम्मीला सांग ना! मला नाही जायचं आत!"

"मम्मीला विचार."

"तू सांग!"

"मम्मीला विचार."

"तू पण खोटारडी! तू पण तिचीच!" आणि तिनं पिठाची परात लाथाडली. ते पीठ जीजींच्या केसांत, भुवयांत उडालं. दहा शब्द त्यांच्या दातांपर्यंत येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते पिठानं आलं असं बायांना सांगितलं.

जीजी आत गेल्या तर मोनाली भिंतीला टेकून उभी होती, मनगट धरून. "जीजी, चिमटा बसतो आणि माझे पायच कापतात. मला नाही जमणार. शांतिका लावू या."

बोलायचं तर इथंही नव्हतं. पण पोरीशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. सुनेशी बोलायला बंदी नव्हती.

"कापू दे," जीजी म्हणाल्या. "पहिल्या मांड्याला माझे हात असेच कापले होते. फाटला, चुलीत पडला, सगळी वरात हसली. दुसरा टाकला. तू दुसरा टाक."

मोनालीनं टाकला. रोज टाकत राहिली. काही फाटले.

आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली. लेकी माहेरी आल्या. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला, बाया गाणी म्हणू लागल्या. जीजींची लेकही तिची दोन पोरं घेऊन आली होती. तितू झोक्यावर चढली ती उतरेना. आत्येभावंडं रडकुंडीला आली.

मोनाली झोक्याजवळ गेली. सगळ्या अंगणानं गाणं थांबवलं.

"तितू, उतर. आता त्यांची पाळी."

"नाही!"

लिंबाखालच्या डझनभर तोंडांनी श्वास घेतला. "अगं पण सणाचं—" लेकीनं सुरुवात केली. जीजींनी नुसता हात वर केला. पिठानं भरलेला तो पंजा बघून लेक गप्प झाली, बायाही.

मोनालीच्या मनगटाला चिमटा बसलेला जीजींना दिसला. बोटं आवळली गेली. तिनं श्वास घेतला. पुढं काही बोलली नाही. झोका धरलाही नाही. उभी राहिली.

"तू मला आवडत नाहीस!" तितू ओरडली. "तू घाणेरडी आहेस! तू इथली नाहीसच!"

सगळ्यांसमोर. पाव्हण्यांसमोर. जीजींना वाटलं, आता ही हात जोडणार, नाहीतर उचलणार. मोनालीनं दोन्ही केलं नाही. झोका मागं गेला, पुढं आला. मागं गेला. हळू झाला. लिंबाची फांदी करकरत होती तेवढाच काय तो आवाज.

तितूनं पाय जमिनीला घासले. उतरली. धूळ उडवत आईसमोर आली आणि हनुवटी वर करून म्हणाली, "मी माझी माझी उतरले. तू सांगितलं म्हणून नाही."

"उतरलीस ना," मोनाली म्हणाली. "बरं केलंस." आणि तिचा आवाज कापला नाही.

जीजी तोंड वळवून खापराकडं पाहू लागल्या. मांडा करपत होता. करपू दिला.

मेच्या अखेरीस डॉक्टरनं पडदा उघडला तेव्हा जीजींना रेघा वाचाव्या लागल्या नाहीत; डॉक्टरचं तोंड त्यांना वाचता आलं. लाल होतं अजून मधेमधे. सगळं हिरवं झालं तर मलाच काळजी वाटेल, डॉक्टर म्हणाली. शांतिकेच्या यादीतून नाव काढलं. शाळेला कळवते. कडी अजून सहा महिने राहू द्या.

जीजी खुर्चीत मागं टेकल्या. किती दिवसांनी पाठ अशी सैल पडली होती, त्यांना आठवेना. बाहेर तितू कोणाला तरी मोठ्यानं "नाही" म्हणत होती, आणि तो आवाज त्यांना ऐकावासा वाटत होता.

मोनाली मात्र अजून त्यांच्याकडंच पाहत होती. डॉक्टरचं झालं होतं. तिला दुसरं कोर्ट बाकी होतं.

"जीजी," डॉक्टर हसून म्हणाली, "तुमचं काय म्हणणं?"

जीजींनी पदर सारखा केला आणि त्या सुनेकडं वळल्या.

"ऐक मोनाली. तुझ्यात खोट आहे म्हटलं होतं मी. नव्हती. पोर तुझी आहे, आणि तुझंच ऐकेल. आता तिला काय सांगायचं ते तूच सांगायचं, मी मधे तोंड घालणार नाही. मला जे काही सांगायचं असेल ते मी तुला सांगीन, आणि ते मात्र तू मुकाट्यानं ऐकायचं. गप्प बसवणारं कडं तुझ्या हातात आहे, माझ्या नाही, हे लक्षात ठेव."